समुद्राचा जमाखर्च

१९९४ साली माझी बदली कोकण किनाऱ्यावरच्या एका लहान शाखेत झाली. शाखेच्या मागच्या दाराने बाहेर पडले की सुरूचे बन आणि बन ओलांडले की समुद्र. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. एका रविवारी ओहोटीच्या वेळी ती खडकांत गेली आणि येताना शंखात राहणारा एक खेकडा घेऊन आली. लोणच्याची रिकामी बरणी धुऊन तिच्यात समुद्राचे पाणी भरले, तळाशी वाळू घातली आणि खेकडा सोडला. सोमवारी तो बरणीभर हिंडत होता. मंगळवारी शंखातून अर्धा बाहेर येऊन पडून राहिला. बुधवारी सकाळी बरणीला असा वास सुटला की ती परसात नेऊन उपडी करावी लागली. पाणी समुद्राचेच होते, वाळूही तिथलीच होती, मग तो मेला कशाने, असे मुलीने विचारले. दिवसभर दुसऱ्यांच्या खात्यांतल्या चुका शोधणाऱ्या मला या चुकीचा थांग लागला नाही.

आता त्या मुलीचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. राहतो पुण्यात, आणि त्याला घरात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय हवे आहे. दुकानात चौकशी करून जावई परतले ते गप्पच झाले. टाकी, दिवे, पंप, खास मीठ, रंगीत मासे, सगळे मिळून होणारा आकडा मध्यमवर्गीय घराला झेपणारा नव्हता. तेव्हा नातवाने मोर्चा माझ्याकडे वळवला. कमीत कमी खर्चात हे कसे जमेल, याचा अंदाज आजोबांनी काढून द्यायचा होता. निवृत्त बँक अधिकाऱ्याकडून घरात हीच एक अपेक्षा उरते. अंदाज काढण्यासाठी मी वाचू लागलो आणि वाचता वाचता एका माणसाशी गाठ पडली. त्याने हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी सोडवला होता, तोही खिशात फारसे पैसे नसताना. आणि योगायोग असा की त्याचीही सुरुवात पेढीवर कारकून म्हणूनच झाली होती. त्याचे नाव फिलिप हेन्री गॉस.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधल्या वूस्टर गावी झाला. वडील लहान आकाराची व्यक्तिचित्रे रंगवीत. गावोगाव हिंडायचे, जिथे काम मिळेल तिथे मुक्काम करायचा आणि मिळेल ते घरी पाठवायचे, असा त्यांचा व्यवसाय. आई लग्नापूर्वी एका श्रीमंत घरात बाईसाहेबांच्या तैनातीला होती. कुटुंब पूल या बंदराच्या गावी येऊन राहिले आणि फिलिपचे बालपण तिथेच गेले. तिथे त्याची एक आत्या होती, सुसान बेल. तिने या मुलाला दोन गोष्टी शिकवल्या. एक चित्र काढणे आणि दुसरी किनाऱ्यावरचे जीव डोळे उघडे ठेवून पाहणे. हे शिक्षण फुकटातले होते, पण त्याच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचे भांडवल तेवढेच ठरले.

पंधराव्या वर्षी तो पूलमधल्याच एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून चिकटला. १८२७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याला अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंड बेटावरच्या कार्बोनिअर गावी दुसऱ्या एका पेढीच्या कचेरीत पाठवण्यात आले. खारवलेल्या माशांचा आणि सीलच्या तेलाचा तो व्यापार. कीर्द लिहिणे, खतावणी उतरवणे, पत्रांच्या नकला करणे हे काम त्याने आठ वर्षे केले. फावल्या वेळात तो त्या बेटावरचे किडे आणि फुलपाखरे गोळा करी, त्यांची चित्रे काढी आणि तारखेनिशी नोंदी ठेवी. शिकवणारा कोणी नव्हता. १८३२ साली सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक त्याने विकत घेतले आणि निसर्गाच्या अभ्यासाला वाहून घेतले. त्याच वर्षी धर्मश्रद्धाही त्याच्या मनात खोल रुजली. या दोन निष्ठा त्याने शेवटपर्यंत सोडल्या नाहीत.

१८३५ साली नोकरी सोडून तो कॅनडात शेती करायला गेला. तीन वर्षांत शेती बुडाली. मग अमेरिकेतल्या अलाबामामध्ये एका मळेवाल्याकडे आठ महिने मास्तरकी केली. तिथली गुलामगिरी पाहून तो अस्वस्थ झाला आणि १८३९ साली इंग्लंडला परतला. हाती होते एक हस्तलिखित आणि पोटात भूक. लंडनमध्ये दिवसाला आठ पेन्सांत गुजराण चालली होती. एक हेरिंग मासा, तो पुरवून पुरवून खायचा, आणि सोबत थोडा पाव. अशा दिवसांत व्हॅन वूर्स्ट या प्रकाशकाने ते हस्तलिखित स्वीकारले आणि १८४० साली त्याचे कॅनडाच्या निसर्गावरचे पुस्तक निघाले. पुढे त्याने एक लहानशी शाळा चालवली. १८४४ ते १८४६ अशी दीड वर्षे जमैकात पक्षी, कीटक आणि शंखशिंपले गोळा करण्यात गेली. १८४८ साली एमिली बोज या त्याच्याच पंथातल्या लेखिकेशी लग्न झाले. २१ सप्टेंबर १८४९ रोजी मुलगा एडमंड जन्मला. त्या दिवशी गॉसने रोजनिशीत मुलाच्या जन्माची नोंद केली आणि त्याच दमात जमैकाहून एक हिरवी पाकोळी मिळाल्याचीही. पुढे यावरून त्याची पुष्कळ थट्टा झाली. मला मात्र त्यात जुना कारकून दिसतो. दिवसभरात जे जे जमा झाले ते सारे त्याच पानावर.

चाळिशीत गॉस लेखणीवर जगत होता. पाने लिहिली तर पैसे, नाही तर नाही. रात्रंदिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आणि लिहून त्याची प्रकृती ढासळली. डोके असह्य दुखू लागले, तेव्हा १८५२ च्या आरंभी तो बायको-मुलासह लंडन सोडून डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला. खरे तर विश्रांतीसाठी. पण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांतली लहान लहान तळी त्याने पाहिली आणि विश्रांती तिथेच संपली.

त्या तळ्यांत समुद्रपुष्पे होती. नाव फुलाचे असले तरी हा प्राणी आहे. खडकाला चिकटून बसतो, पाकळ्यांसारखे दिसणारे हात पसरतो आणि जवळून जाणारा बारीक जीव त्यांनी धरून गिळतो. पाण्याबाहेर काढला की गोळा होऊन जेलीचा लोळा दिसतो. त्याचे खरे रूप पाहायचे तर तो पाण्यात, जिवंत आणि निवांत असायला हवा. गॉसला त्याची चित्रे काढायची होती. वडिलांच्या धंद्यातली बारीक नजर त्याच्या हातात उतरली होती. पण भरती तासाभरात येणार आणि तळे बुडणार. तेव्हा समुद्र घरी न्यायला हवा होता.

समुद्राचे जीव घरात ठेवणारा गॉस काही पहिला नव्हे. एडिंबरोमध्ये सर जॉन डॅलियेल या गृहस्थाने १८२८ साली पकडलेले एक समुद्रपुष्प साध्या काचेच्या भांड्यात पाळले होते. त्याचे पाणी मात्र वरचेवर बदलावे लागे आणि ते समुद्रावरून आणावे लागे. पाळणारे एकामागून एक वारले, पण हे समुद्रपुष्प १८८७ सालापर्यंत जगले. लंडनमध्ये ॲना थिन या बाईंनी १८४६ साली टॉर्की गावाहून जिवंत पोवळी आणली. पाण्यात हवा खेळावी म्हणून उघड्या खिडकीशी ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतायचे, असा त्यांचा क्रम होता, आणि पुढे ते काम मोलकरणीकडे गेले. हे दोन्ही मार्ग सुखवस्तू घरांचे. एकाला पाणी वाहणारा माणूस हवा, दुसऱ्याला पाणी ओतणारा. गॉसकडे दोन्ही नव्हते.

इलाज होता तो वनस्पतींपाशी. हिरवी वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते, हे रसायनशास्त्राला ठाऊक झाले होते. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली गोड्या पाण्याच्या टाकीत मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवल्या. वनस्पती माशांना प्राणवायू देते, माशांची घाण वनस्पतीला खत होते आणि सडलेली पाने गोगलगायी खातात. पाणी बदलावे लागत नाही. ॲना थिन यांनीही पुढे आपल्या पोवळ्यांना शेवाळाची जोड दिली होती. समुद्राच्या पाण्यावर वॉरिंग्टन आणि गॉस दोघेही आपापल्या परीने प्रयोग करत होते. गॉसने मे १८५२ मध्ये मिठाईवाल्याच्या दुकानात असते तशी एक उभट काचेची बरणी घेतली. तिच्यात समुद्राचे पाणी, खडकाच्या कपच्यांसकट उचललेले जिवंत शेवाळ आणि थोडे बारीक जीव ठेवले. पाणी स्वच्छ राहिले. जीव जगले. माझ्या मुलीच्या लोणच्याच्या बरणीत आणि या मिठाईच्या बरणीत फरक होता तो एवढाच. आमच्या बरणीत सगळा खर्च होता, जमेची बाजूच नव्हती.

मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यासाठी लागणारे समुद्री जीव गोळा करून पाठवणाऱ्यांत गॉस प्रमुख होता. वेमथच्या किनाऱ्यावर राहून त्याने हे काम केले. आमच्या पिढीने मुंबईत तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून मासे पाहिले. ते १९५१ साली सुरू झाले, पण त्याची वंशावळ मागे नेली तर ती रीजंट्स पार्कमधल्या त्या काचघरापाशी जाते.

पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, गॉसचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले. तोवर अशा टाकीला कोणी जीवागार म्हणे, कोणी जलजीवागार, अशा अर्थाची जडजड लॅटिन नावे चालत. पाणवनस्पतींच्या कुंडासाठी वापरला जाणारा ‘ॲक्वेरियम’ हा सुटसुटीत शब्द गॉसने या टाकीला दिला आणि तो जगभर रुजला. पुस्तकातली रंगीत चित्रे त्याची स्वतःची होती. समुद्राच्या तळाशी असे रंग असतात हे बहुतेक वाचकांनी तिथे पहिल्यांदा पाहिले. मागोमाग १८५५ साली त्याने मत्स्यालय उभारण्याची एक छोटी पुस्तिका काढली. माझ्या नातवाच्या कामाची ती हीच.

या पुस्तिकेतला माणूस दिवसाला आठ पेन्सांवर राहिलेला आहे, हे पानोपानी जाणवते. लंडनमधल्या माणसाने समुद्राचे पाणी आणावे कसे? टेम्स नदीच्या मुखाबाहेर जाणाऱ्या आगबोटीवरच्या कर्मचाऱ्याला चार पैसे द्यावेत आणि नदीचे पाणी संपून स्वच्छ समुद्र लागला की तिथले पाणी भरून आणायला सांगावे. पिंप नवे असावे आणि देवदारासारख्या लाकडाचे, कारण ओकच्या लाकडाचा तुरटपणा पाण्यात उतरून ते बिघडते. ज्याला तेही शक्य नाही त्याने काय करावे? त्याने समुद्र घरी बनवावा.

हे त्याचे सर्वांत धाडसी पाऊल. ब्रायटनजवळच्या समुद्राच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण श्वाइट्झर नावाच्या शास्त्रज्ञाने केले होते. त्या तक्त्यातली अगदी अल्प प्रमाणातली द्रव्ये गॉसने सोडून दिली आणि चारच ठेवली. खाण्याचे मीठ साडेतीन औंस, एप्सम सॉल्ट पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराइड २०० ग्रेन आणि पोटॅशियम क्लोराइड ४० ग्रेन. आपल्या मापात सुमारे १०० ग्रॅम, ७ ग्रॅम, १३ ग्रॅम आणि अडीच ग्रॅमच्या किंचित वर. हे सारे साडेचार लिटरांहून थोड्या कमी पाण्यात विरघळवायचे आणि गाळून घ्यायचे. गॅलनभर समुद्राला खर्च काही पेन्सांचा. पुढे लंडनमधल्या एका औषधविक्रेत्याने या मिश्रणाच्या पुड्याच विकायला सुरुवात केली. त्या दुकानातल्या मिठाचे पाणी करून चार्ल्स डार्विनने १८५५ साली त्यात निरनिराळ्या झाडांचे बी भिजत ठेवले. बी समुद्रावरून तरंगत जाऊन दूरच्या बेटावर रुजू शकते का, हे त्याला पाहायचे होते.

आज नातवाला मी हे मिश्रण करू देणार नाही. त्यात कॅल्शियम नाही, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठात आयोडीन व मीठ मोकळे राहावे म्हणून घातलेली द्रव्ये असतात. मत्स्यालयासाठी तयार मिळणारे मीठ घेणे हा न टाळण्याजोगा खर्च आहे. पण त्या पुस्तिकेतले बाकीचे नियम आजही खोटे ठरलेले नाहीत. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि जेवढे पाणी आटले तेवढे गोडे पाणी घालावे, खारे नव्हे. दुधातले पाणी ओळखायला लॅक्टोमीटर वापरतात तसल्या साध्या उपकरणाने खारेपणा मोजत राहावा. कडक ऊन टाकीवर येऊ देऊ नये. काचेवर हिरवा थर चढला की तो खाणाऱ्या शंखातल्या गोगलगायी सोडाव्यात, त्यांना मजुरी लागत नाही. मेलेला जीव ताबडतोब बाहेर काढावा, कारण एक सडला की सगळे जातात. आणि सर्वांत महत्त्वाचे, हाव धरू नये. टाकीत मावतील तेवढे नव्हे, टाकीतले पाणी पोसू शकेल तेवढेच जीव ठेवावेत. पंचेचाळीस लिटरांत दोन जीव असतील तर चूक पोटात घातली जाते. वीस असतील तर एका रात्रीत दिवाळे निघते.

आणखी एक नियम होता आणि त्याचे पूर्ण कारण गॉसलाही कळले नव्हते. नवे पाणी तयार झाले की त्यात तो लगेच प्राणी सोडत नसे. आधी फक्त दगड आणि शेवाळ घाली, काही दिवस थांबे आणि मग प्राणी आणी. शेवाळाचे बारीक बीज पाण्यात पसरावे म्हणून हे थांबणे, अशी त्याची समजूत होती. प्राण्यांच्या मलमूत्रातून आणि उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. दगडांवर, वाळूवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू वेगळे काढून दाखवले ते रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी, १८९० च्या सुमारास. गॉस त्याआधीच वारला होता. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या खेकड्याला तीन दिवस मिळाले होते.

पुस्तके धडाधड खपली. १८४५ साली काचेवरचा कर उठल्याने काच स्वस्त झाली होती, आगगाडीने समुद्रकिनारा लंडनच्या जवळ आणला होता. मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यांत टाक्या आल्या. लंडनमध्ये लॉइड नावाच्या व्यापाऱ्याने टाक्या, जीव आणि समुद्राचे पाणीही विकणारे दुकान काढले. गॉस स्वतः किनाऱ्यावर लोकांचे वर्ग घेई. डोक्यावर हॅट, हातात छिन्नी आणि बरणी अशा थाटात तो पुढे आणि मागे स्त्री-पुरुषांचा घोळका. १८५६ साली रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. कारकून म्हणून सुरुवात केलेल्या, विद्यापीठाची पायरी न चढलेल्या माणसाला यापेक्षा मोठा मान नव्हता.

आणि लगेच १८५७ आले. फेब्रुवारीत एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली. शस्त्रक्रियेऐवजी निवडलेल्या उपचारांनी तिचे अखेरचे महिने फार यातनांचे झाले होते. गॉस आठ वर्षांच्या मुलाला घेऊन कायमचा डेव्हनला राहायला गेला. त्याच वर्षी त्याचे ‘ओम्फॅलॉस’ हे पुस्तक निघाले. पृथ्वी कोट्यवधी वर्षांची आहे असे खडक आणि जीवाश्म सांगत होते, ती काही हजार वर्षांपूर्वी निर्माण झाली असे त्याचा धर्मग्रंथ सांगत होता. गॉसला दोन्ही खरे हवे होते. त्याने तोड काढली की देवाने सृष्टी निर्माण केली तीच मुळी जुनी दिसेल अशी. पहिल्या झाडाला पहिल्याच दिवशी वर्षांची वलये होती, पहिल्या माणसाला बेंबी होती आणि जमिनीत जीवाश्म तयारच होते. शास्त्रज्ञांना ते हास्यास्पद वाटले. धर्मनिष्ठांना त्यात देव लबाड ठरतो असे वाटले. पुस्तक पडले. अखेर त्याच्या उरलेल्या प्रती रद्दीत गेल्या.

या पुस्तकाला हसणे सोपे आहे. पण मला त्या चार क्षारांची आठवण होते. ज्या माणसाने काल रात्री भांड्यात समुद्र तयार केला आणि आज त्यात युगायुगांच्या समुद्रातले जीव निर्धास्त पाकळ्या उघडताना पाहिले, त्याला एका दिवसात तयार झालेली जुनी सृष्टी अशक्य का वाटावी? मात्र उत्तरही त्याच भांड्यात होते. पाणी एका रात्रीत झाले, समुद्र झाला नाही. त्यासाठी त्याला स्वतःलाच दिवस मोजत थांबावे लागले. जे त्याचे हात जाणत होते ते त्याच्या श्रद्धेने ऐकले नाही. आकडे समोर असताना बेरीज मनासारखी लावणारी माणसे मी नोकरीत पाहिली आहेत. त्यांतली बरीचशी लबाड नव्हती. त्यांना काहीतरी गमवायचे नव्हते, एवढेच.

अपयशानंतर तो पुन्हा तळ्यांकडे वळला. १८५८ ते १८६० या काळात त्याने ब्रिटनमधल्या समुद्रपुष्पांचा आणि पोवळ्यांचा सचित्र ग्रंथ पुरा केला. त्या विषयावर तो कित्येक वर्षे प्रमाण मानला गेला. लहान एडमंड त्याच्याबरोबर गुडघाभर पाण्यात उभा राहून शोधाशोध करी. १८६० साली गॉसने एलायझा ब्राइटवेन हिच्याशी दुसरे लग्न केले. घरात स्वास्थ्य आले, पण किनाऱ्यावरचे गेले.

गॉसची पुस्तके वाचून छिन्नी आणि बरण्या घेतलेली माणसे आगगाड्या भरभरून किनाऱ्यावर उतरत होती. खडक फोडले जात होते, तळी उपसली जात होती. घरी नेलेल्यांतले पुष्कळ जीव आठवड्याभरात मरत आणि टाकी भरायला लोक पुन्हा येत. हाव धरू नका हा पुस्तकातला नियम टाकीपुरता होता. किनाऱ्यासाठी असा नियम लिहायचे त्याच्या मनात आले नव्हते, कारण समुद्र संपेल असे तेव्हा कोणालाच वाटत नव्हते. जी तळी त्याने पहिल्यांदा पाहिली तेव्हा फुललेल्या बागेसारखी होती, ती त्याच्या देखत ओसाड झाली. पुढे वडिलांवर लिहिताना एडमंडने हे दुःख नोंदवले आहे. बाप आणि मुलाचे श्रद्धेवरून बिनसले होते, १९०७ सालच्या त्या पुस्तकात मुलाने बापाला फारशी माया दाखवलेली नाही. पण किनाऱ्याच्या या नासाडीबद्दल लिहिताना तो बापाच्या बाजूला उभा राहतो. जे वडिलांनी प्रेमापोटी लोकांना दाखवले तेच लोकांनी लुटले, आणि हे वडिलांच्या जिव्हारी लागले होते, हे त्याने जवळून पाहिले होते.

उतारवयात गॉसने ऑर्किडची फुले वाढवली, पाण्याच्या थेंबातल्या अतिसूक्ष्म जीवांवर काम केले आणि रात्री दुर्बिणीतून तारे पाहिले. अशाच एका हिवाळ्यात उघड्या खिडकीशी बसून तारे पाहताना सर्दी छातीत उतरली. त्या दुखण्यातून तो उठला नाही. २३ ऑगस्ट १८८८ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, तो वारला.

नातवाला मी अखेर अंदाज काढून दिला. टाकी लहान, पण फार लहान नाही, कारण पाणी कमी तितकी चूक महाग. काच जुन्या बाजारातली चालेल, फक्त गळते का ते आठवडाभर अंगणात भरून पाहायचे. पंप साधा. मीठ, खारेपणा मोजायचे उपकरण आणि अमोनिया तपासायची बाटली यांत काटकसर नाही. जिवंत पोवळे किंवा त्याचा दगड नाही, समुद्रघोडा नाही. आपल्याकडे २००१ पासून हे जीव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, आणि कायदा नसता तरी माझ्या अंदाजात ते बसले नसते. किनाऱ्यावरून उचलून आणलेले काहीही नाही. अगदी शेवटी, हॅचरीत जन्मलेले क्लाउनफिश, तेही दोनच. या यादीतली सगळ्यात स्वस्त गोष्ट सगळ्यात अवघड होती. सहा आठवडे थांबायचे.

टाकी भरून आता चौथा आठवडा चालू आहे. वाळू, थोडे दगड, वाहते खारे पाणी, आणि चिमूटभर माशांचे खाद्य. ते कुजून अमोनिया तयार व्हावा आणि जिवाणूंना पोट भरायला मिळावे म्हणून घातलेले. बाकी काही नाही. येणारे-जाणारे शेजारी विचारतात की मासे कुठे आहेत. नातू दर शनिवारी पाण्याचा नमुना तपासतो आणि आकडा वहीत लिहितो. मागच्या शनिवारी अमोनिया पहिल्यांदा उतरला. ते पान त्याने फोटो काढून मला पाठवले. मी ते त्याच्या आईला दाखवले आणि तीस वर्षे उधार राहिलेले उत्तर तिला दिले. ती बराच वेळ वहीतले आकडे पाहत राहिली. मग तिने विचारले की सुरूच्या बनापलीकडची ती तळी अजून असतील का.